वरच्या मजल्यावरचे पाहुणे : ‘टोकियो स्टोरी’

आईवडील आणि मुले यांच्यातील दुराव्यावर बेतलेल्या चित्रपटांत एक प्रसंग बहुधा ठरलेला असतो. कुणीतरी दार आपटते, कुणीतरी वाटणीचे कागद पुढे करते, म्हातारा बाप हुंदका आवरत उंबरठा ओलांडतो, आणि गुन्हेगार कोण हे कळल्यामुळे प्रेक्षक डोळे पुसता पुसता मनातून निश्चिंत होतो. यासुजिरो ओझू यांनी १९५३ मध्ये दिग्दर्शित केलेल्या ‘टोकियो स्टोरी’ या जपानी चित्रपटात ही निश्चिंती मिळत नाही. १३६ मिनिटांच्या या कृष्णधवल चित्रपटात आईवडिलांना कुणी घराबाहेर काढत नाही, कुणी त्यांचा पैसा लाटत नाही, आणि त्यांचे चहापाणी, अंथरूण, आंघोळ यांत कुणी कसूरही करत नाही. मुले त्यांचे आदरातिथ्य करतात, आणि नेमके तेच या चित्रपटाचे दुःख आहे, कारण आदरातिथ्य पाहुण्यांचे करायचे असते.

कथानक चार ओळींत सांगून संपेल इतके लहान आहे. हिरोशिमा प्रांतातील ओनोमिची या समुद्रकाठच्या गावात राहणारे शुकिची आणि तोमी हे वृद्ध जोडपे टोकियोत स्थायिक झालेल्या मुलांना भेटायला निघते. थोरला कोइची शहराच्या कडेच्या वस्तीत डॉक्टर आहे, मुलगी शिगे ब्युटी पार्लर चालवते, आणि युद्धात गेलेल्या मधल्या मुलाची, शोजीची, विधवा नोरिको एका कचेरीत नोकरी करून एका खोलीत राहते. धाकटा केइझो ओसाकात रेल्वेच्या नोकरीत आहे, तर शेंडेफळ क्योको शाळेत शिकवते आणि आईवडिलांजवळच असते. म्हातारा-म्हातारी येतात, काही दिवस राहतात, परत जातात, आणि गावी पोहोचल्यावर आई मरते. प्रवासाची तयारी दिसते. प्रवास दिसत नाही. परतीच्या गाडीत तोमीची तब्येत बिघडते, तेही आपल्याला ओसाका स्थानकावर केइझो आपल्या सहकाऱ्याला सांगतो तेव्हा कळते. इतर कोणी दिग्दर्शक ज्या घटनांवर चित्रपट उभा केला असता, त्या ओझूंनी कडेला टाकल्या आहेत आणि त्यांच्या आजूबाजूचा रिकामा वेळ मात्र जपून ठेवला आहे.

या रिकाम्या वेळात घरे कशी वापरली जातात ते पाहण्यासारखे आहे. कोइचीकडे आणि शिगेकडे, दोन्ही ठिकाणी आईवडिलांची सोय वरच्या मजल्यावर केलेली असते. खाली संसार आणि धंदा चालू राहतो, खाली त्यांच्याविषयीचे बोलणे होते, आणि वर ती दोघे पंख्याने वारा घेत, कुणी बोलावील तेव्हा खाली जायचे, अशा तयारीत बसून असतात. वर जायला निघालेली माणसे दिसतात, पण जिना फारसा दिसत नाही. त्यामुळे वरचा मजला हा घराचा भाग नसून घराला जोडलेले वेगळे ठिकाण असावे, असे वाटत राहते. पाहुण्यांसाठी थोरल्या नातवाचे, मिनोरुचे, अभ्यासाचे टेबल खोलीतून हलवलेले असते. शाळेतून आल्यावर तो त्यावरून आकांडतांडव करतो. आता मी अभ्यास कुठे करू, असा त्याचा सवाल आहे, आणि एरवी अभ्यासाला न बसणारी मुलेच असा सवाल करतात, हे त्याच्या आईइतकेच आपल्यालाही ठाऊक असते. मात्र आजी-आजोबा आल्यामुळे आपली जागा गेली, ही त्याची तक्रार खोटी नाही. मोठी माणसे जे बोलत नाहीत ते या पोराने पहिल्याच दिवशी बोलून टाकले आहे.

पहिल्या रात्रीच्या जेवणाची बोलणी तर मी दोनदा मागे नेऊन पाहिली. सुकियाकी करायची, म्हणजे मांस झाले; मग सोबत कच्च्या माशाचे काप हवेत का, असा प्रश्न निघतो, आणि नकोत, मांस पुरे, असा निकाल लागतो. वाक्य एवढेच आहे. त्यात कंजुषी आहे असे म्हणता येणार नाही, कारण जेवण चांगलेच होते. मात्र वर्षानुवर्षांनी आलेल्या आईबापांच्या ताटात काय पुरेल याचा हिशेब झाला, हे आपल्या कानावर पडलेले असते. पुढे शिगेचा नवरा सासूसासऱ्यांसाठी महागातला केक घेऊन येतो, तेव्हा शिगे त्याला एवढे महागाचे कशाला आणलेत, तांदळाच्या चकत्या चालल्या असत्या, असे सुनावते आणि सुनावता सुनावता स्वतःच तो केक खाऊ लागते. हारुको सुगिमुरा यांनी केलेली ही शिगे पडद्यावरच्या सर्वांत खऱ्या लेकींपैकी एक असावी. तिचे हात सतत कामात असतात, बोलणे तोडून टाकणारे असते, आणि गिऱ्हाईक बाईने ही कोण माणसे म्हणून विचारल्यावर गावाकडचे ओळखीचे लोक आहेत, हे उत्तर ती इतक्या सहज देते की तिने विचार करून खोटे सांगितले असेही म्हणता येत नाही. तिला त्या क्षणी फक्त पुढचे संभाषण टाळायचे असते.

शिगेला दुष्ट ठरवून मोकळे होण्याचा मोह या ठिकाणी फार होतो, आणि चित्रपटावर लिहिणाऱ्या अनेकांना तो आवरलेला नाही. पण ओझू आणि त्यांचे सहलेखक कोगो नोदा यांनी तिच्या बाजूनेही पुरेसे ठेवले आहे. धंदा तिचा आहे, मदतीला माणूस कमी आहे, आणि मरणाच्या खोलीत सर्वांत आधी व सर्वांत मोठ्याने रडणारीही तीच आहे. ते रडणे ढोंगी वाटत नाही. कोइचीचेही तसेच. रविवारी आईवडिलांना शहर दाखवायला न्यायचे म्हणून सगळे कपडे करून तयार असताना आजारी मुलासाठी बोलावणे येते आणि तो निघून जातो. डॉक्टरने जायलाच हवे. त्याबद्दल कोण काय बोलणार? म्हातारा शुकिचीही काही बोलत नाही.

मग आतामीची युक्ती निघते, आणि चित्रपटाचा माझ्या मते सर्वांत निर्दय भाग सुरू होतो, जरी त्यात सगळे काही चांगल्या हेतूने घडते. आपल्याला वेळ नाही, त्यांना गरम पाण्याच्या झऱ्यांच्या ठिकाणी पाठवू, आराम होईल आणि खर्चही कमी येईल, असे भाऊ-बहीण मिळून ठरवतात आणि पैसे वाटून भरतात. स्वस्तातल्या त्या हॉटेलात रात्रभर तरुण मंडळींची माजोंग खेळण्याची आरडाओरड, गाणे-बजावणे चालू राहते, आणि दोघे म्हातारे शेजारी-शेजारी अंथरुणावर कूस बदलत पडून राहतात. कॅमेरा मध्येच खोलीबाहेर ओळीने काढून ठेवलेल्या सपाता दाखवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे समुद्राच्या बांधावर बसतात, हे ठिकाण तरुणांचे आहे असे म्हणतात, घराची आठवण काढतात, आणि उठताना तोमीला भोवळ येते. ती बांधावर हात टेकून क्षणभर थांबते, झोप नीट झाली नाही म्हणून असेल असे ठरवते, आणि दोघे चालू लागतात. त्या क्षणाला संगीताचा ठोका नाही, चेहऱ्याचे जवळून टिपलेले दृश्य नाही. लांबून दिसणाऱ्या दोन पाठमोऱ्या आकृती आहेत. या म्हातारीचे फार दिवस उरलेले नाहीत हे आपल्याला कळते आणि तिच्या मुलांना कळणार नाही, कारण ती दोघे ही गोष्ट कुणाला सांगणार नाहीत.

ही दोघे बोलत नाहीत, हा या चित्रपटाचा दुसरा अर्धा भाग आहे, आणि त्याकडे कमी लक्ष दिले जाते. दुरावा वाढायला दोन्हीकडची माणसे लागतात. आतामीहून लवकर परतल्यावर शिगेच्या घरी त्या संध्याकाळी बैठक ठरलेली असते आणि त्यांना थांबायला जागा नसते, तेव्हा ती दोघे बाहेर पडतात, टोकियोतल्या उएनो भागात बसून आज रात्री कुठे जायचे याचा विचार करतात आणि आपण आता बेघरच झालो असे म्हणून हसतात. हसण्यावारी नेण्याची ही सवय त्यांनी आयुष्यभर जोपासलेली दिसते. पुढे ओसाकात, नातवंडे म्हणजे दुधावरची साय ही समजूत आपल्याकडे जशी आहे तशीच तिकडेही असावी असे वाटायला लावणारे एक संभाषण आहे : काहींना मुलांपेक्षा नातवंडे अधिक प्रिय असतात म्हणतात, तुला कसे वाटते, असे नवरा विचारतो, आणि मुलेच बरी, असे दोघांचे मत पडते. मग शिगे पूर्वी किती मायाळू होती याची आठवण निघते, लग्न झालेली मुलगी परकीच होते असे बोलणे होते, आणि शेवटी आपली मुले इतरांपेक्षा बरीच म्हणायची, आपण नशीबवान आहोत, असा निष्कर्ष काढून विषय मिटवला जातो. हे समाधान आहे, की समाधानाची रीत आहे? शुकिची आणि तोमी यांची कामे करणाऱ्या चिशू र्‍यू आणि चिएको हिगाशियामा यांच्या चेहऱ्यांवरून याचे उत्तर मला तीन वेळा पाहूनही देता आलेले नाही.

शुकिचीचे मन मोकळे होते ते दारूच्या दुकानात, जुन्या मित्रांपुढे. तेथे एकाची मुले युद्धात गेलेली आहेत आणि दुसऱ्याचा मुलगा बायकोपुढे बापाची किंमत ठेवत नाही. मुले नसणे वाईट, आणि असली तरी ती आपल्या मनासारखी निघत नाहीत, अशी त्यांची कुरकुर चालते. शुकिचीही कबूल करतो की कोइची मोठा डॉक्टर झाला असेल अशी त्याची कल्पना होती. धाकट्या क्योकोच्या जन्मानंतर सोडलेली दारू त्या रात्री परत घेतली जाते, आणि मध्यरात्री पोलीस शिपाई दोन झिंगलेल्या म्हाताऱ्यांना शिगेच्या दारात आणून सोडतो. पार्लरच्या खुर्च्यांत कलंडलेले ते दोघे आणि चिडून बडबडणारी शिगे, हा प्रसंग हसू आणणारा आहे. मात्र लहानपणी बापाच्या याच अवस्थेने घरात काय होत असे, हे शिगेच्या चिडण्यातून कळते आणि मुलांविषयीचा आपला निवाडा थोडा डळमळतो. हा शांत, हसतमुख म्हातारा तरुणपणी तसा नव्हता.

त्याच रात्री तोमी नोरिकोच्या खोलीत, मेलेल्या मुलाच्या अंथरुणावर झोपते. नोरिको तिचे खांदे चेपून देते. सेत्सुको हारा यांच्या या भूमिकेची जगभर स्तुती झाली आहे, आणि ती योग्यच आहे, पण नोरिको म्हणजे मूर्तिमंत चांगुलपणा, हे वाचन मला उथळ वाटते. ती कचेरीतून रजा घेते, सासूसासऱ्यांना बसमधून टोकियो दाखवते, शेजारणीकडून साके, म्हणजे तांदळाची दारू, आणि ते द्यायला भांडीसुद्धा उसनी आणते, आणि ती दोघे जेवत असताना बाजूला बसून त्यांना वारा घालते. हे तिला शक्य होते, कारण तिच्याकडे ना नवरा आहे, ना मूल, ना धंदा. तिच्या आयुष्यात जागा आहे, आणि ती जागा एका मृत्यूने तयार झालेली आहे. चित्रपटाला हे नीट ठाऊक आहे. अंत्यविधीनंतर क्योको भावंडांच्या स्वार्थीपणावर संतापते, तेव्हा नोरिको त्यांचीच बाजू घेते : वय वाढते तसे प्रत्येकाचे आपले आयुष्य होते आणि मुले दूर जातात, इच्छा नसली तरी मीही तशीच होईन. आयुष्य निराशा करणारेच असते ना, असे क्योको विचारते आणि नोरिको हसून हो म्हणते. त्या हसण्यामुळे उत्तराची धार कमी होत नाही.

या सगळ्यामागे असलेला काळही विसरून चालणार नाही. युद्ध संपून आठ वर्षे झाली होती आणि जपानवरचा अमेरिकी ताबा १९५२ मध्येच उठला होता. थोरल्या मुलाने घर चालवायचे आणि आईवडिलांना सांभाळायचे, या जुन्या कुटुंबव्यवस्थेचा कायदेशीर आधार युद्धानंतर १९४७ च्या नागरी कायद्यातील बदलांनी काढून घेतला होता. चित्रपटात याचा उच्चारही होत नाही, पण शुकिची थोरल्याच्या घरात हक्काने बसत नाही, पाहुण्यासारखा बसतो, याचे मूळ त्याच्या स्वभावाइतकेच या बदललेल्या जगात आहे.

तोमीच्या मरणाचा भाग पाहताना ओझूंची पद्धत पूर्ण कळते. तार येते, आणि कोइची व शिगे शोकाचे कपडे बरोबर न्यावेत का यावर बोलतात. नेऊ या, उपयोग झाला नाही तर उत्तमच, असे शिगे ठरवते. व्यवहाराच्या दृष्टीने तिचे म्हणणे बरोबर ठरते, आणि ज्यांनी कपडे आणले नाहीत त्यांची अडचण होते. केइझो बाहेरगावी असल्यामुळे उशिरा पोहोचतो. आई पहाटे जाते, आणि शुकिची घराबाहेर मोकळ्यावर उभा असतो. बोलवायला आलेल्या नोरिकोला तो पहाट फार सुंदर झाली, आज पुन्हा उकडणार, एवढेच सांगतो. अंत्यविधीनंतरच्या जेवणावर शिगे आईचा एक कंबरपट्टा आणि उन्हाळी किमोनो आठवण म्हणून मागून घेते, मग आईऐवजी बाबा आधी गेले असते तर बरे झाले असते, असेही बोलून जाते, आणि त्याच दिवशी तिघेही गाड्या पकडायला निघतात. घरी फक्त नोरिको मागे थांबते. शुकिची तिला पुन्हा लग्न करायला सांगतो आणि तोमीचे घड्याळ देतो. आपण वाटतो तितक्या चांगल्या नाही, कित्येक दिवस शोजीची आठवणही येत नाही, असे ती रडत कबूल करते. रक्ताच्या मुलांपेक्षा तूच आमच्यासाठी अधिक केलेस, हे म्हाताऱ्याचे बोलणे प्रसिद्ध आहे. पण माझ्या लक्षात राहते ती नोरिकोची अस्वस्थता, आपल्याला मिळालेले प्रशस्तिपत्र परत करू पाहणारी.

तंत्राविषयी थोडे. जमिनीवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्याही खाली ठेवलेला युहारु आत्सुता यांचा कॅमेरा जवळजवळ हलत नाही. बोलणारी व्यक्ती थेट आपल्याकडे पाहते, त्यामुळे समोर बसलेल्या माणसाच्या जागी आपण बसलेलो असतो, आणि बिचाऱ्या शुकिचीच्या हसऱ्या मान डोलावण्याला काय उत्तर द्यावे हे आपल्यालाच सुचत नाही. र्‍यू तेव्हा केवळ ४९ वर्षांचे होते. त्यांच्या पत्नीचे काम करणाऱ्या हिगाशियामा त्यांच्याहून चौदा वर्षांनी मोठ्या, आणि थोरल्या मुलाचे काम करणारे सो यामामुरा त्यांच्याहून सहाच वर्षांनी लहान होते. ही माहिती वाचल्यानंतर मी त्यांच्या उठण्या-बसण्यात खोट शोधून पाहिली. ती सापडली नाही.

उणिवा आहेत. सुरुवातीची वीस-पंचवीस मिनिटे कोण कुणाचे हे लावण्यातच जातात, आणि नातेसंबंध आधी वाचून बसल्यास बरे पडते. केइझो कच्चा राहिला आहे. आईबापांची सेवा त्यांच्या हयातीतच करून घ्यावी या अर्थाचे सुभाषित त्याच्या तोंडी घालून लेखकांनी या एकाच ठिकाणी बोट दाखवल्यासारखे केले आहे. दारूच्या दुकानातला प्रसंग लांबतो. ताकानोबु साइतो यांचे संगीत प्रसंगाच्या शेवटी येते आणि कधी कधी आपल्याला हलकेच सावरून घेते, जे नको असते. इंग्रजी सबटायटल्समध्ये मोठा भाग हरवतो, कारण म्हाताऱ्यांची बोली टोकियोच्या बोलीहून वेगळी आहे आणि नोरिकोच्या आदरार्थी बोलण्याच्या शेजारी शिगेचे तुटक बोलणे ठेवलेले आहे. तुम्ही, आपण आणि तू यांतला फरक रोज वापरणाऱ्या मराठी प्रेक्षकाला जपानी येत नसतानाही तो सुराने जाणवतो, ही एक अनपेक्षित सोय आहे.

लंडनमध्ये १९५८ मध्ये या चित्रपटाला सदरलँड ट्रॉफी मिळाली आणि २०१२ मध्ये ब्रिटिश मासिक ‘साइट अँड साउंड’ने घेतलेल्या दिग्दर्शकांच्या कौलात तो पहिला आला. असा लौकिक वाचून बसणाऱ्याची पहिल्यांदा निराशा होण्याची शक्यता आहे, कारण यात थोर असे काही घडताना दिसत नाही. तरीही पाहायचाच असेल, तर तो चांगल्या स्पीकरवर किंवा हेडफोन लावून पाहावा. पहिल्या प्रसंगात शुकिची आणि तोमी सामान बांधत असतात, हवेची उशी कुणाकडे आहे यावर त्यांची गोड वादावादी होते आणि ती नवऱ्याच्याच सामानात सापडते. खिडकीतून डोकावणारी शेजारीण मुलांकडे चाललात म्हणून त्यांचे कौतुक करते. शेवटी तीच शेजारीण त्याच खिडकीशी थांबते, आता एकटे वाटेल म्हणते आणि निघून जाते. शुकिची एकटा पंखा हलवत बसतो. तेथे मी पहिल्या खेपेला फोनवरच चित्रपट बंद केला होता, संपला असे समजून. त्यानंतर बंदरातून एक बोट जाते, आणि तिच्या इंजिनाचा ठकठक आवाज, जो सुरुवातीलाही गावावरून ऐकू येत असतो, फोनच्या स्पीकरमधून मला आलाच नव्हता.